गेटपासचे अठराशे पन्नास रुपये

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर सात महिने मी घरी होते. नोकरीच्या ॲपवर रोज सकाळी अर्ज टाकायचे. मार्चमध्ये नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका नावाजलेल्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर हवाय, अशी जाहिरात दिसली. अर्ज केला आणि तासाभरात एचआरचा मेसेज : ‘इथे नको, टेलिग्रामवर बोलू.’

इंटरव्ह्यू झाला तो चॅटवरच. व्हर्नियर या मापनयंत्राचा लीस्ट काउंट किती, असे पाच प्रश्न. ना फोन, ना कुणाचा चेहरा. संध्याकाळी लोगो छापलेलं ऑफर लेटर आलं. पगार बावीस हजार, फ्रेशरला अंबडमध्ये सहसा मिळतो त्याहून बराच जास्त. आईने देवापुढे साखर ठेवली. मग गेटपास आणि युनिफॉर्मसाठी १,८५० रुपये, पहिल्या पगारात परत. मी यूपीआयने पाठवले. दुसऱ्या दिवशी ‘मेडिकल’चे ४,२०० मागितले, तेही अर्ध्या तासात, नाहीतर जागा दुसऱ्याला.

त्या अर्ध्या तासाच्या घाईनेच मी थांबले. पत्र पुन्हा नीट वाचलं. मेल आयडी साध्या जीमेलचा होता, आणि पैसे गेले होते कुणा माणसाच्या खात्यात, कंपनीच्या नव्हे. आम्ही सिडकोत राहतो. कंपनी घरापासून दहा मिनिटांवर. दादाच्या गाडीवर थेट गेटवर गेलो. सिक्युरिटीच्या काकांनी पत्र हातात घेतलं आणि म्हणाले, “ताई, या आठवड्यातली तुम्ही तिसरी.”

मला रडू आलं. रागाने मी चॅट डिलीट करायला निघाले होते, दादाने फोन काढून घेतला. तो पुरावा आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तिथेच गेटबाहेर उभं राहून १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला. त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, विचारला. तो यूपीआय ॲपच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. मला शोधायला पाच मिनिटं लागली. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून हा आकडा हाताशी ठेवूनच फोन करा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली : चॅट, ऑफर लेटर, यूपीआय आयडी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला.

नोकरीच्या ॲपवर जाहिरातीची तक्रार करायची ती हे सगळे स्क्रीनशॉट काढल्यावरच. जाहिरात उडाली की दाखवायला काही उरत नाही. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ते कळवायला ‘चक्षू’ ही सोय आहे; माझ्या मैत्रिणीने तिथे नंबर कळवला.

घरी सगळे म्हणाले, अठराशेसाठी एवढी धावपळ कशाला? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्यांच्या घरात अठराशे म्हणजे महिन्याचा किराणा, अशाच मुलांकडून ही माणसं पैसे उकळतात.

पैसे अजून परत आलेले नाहीत. जाहिरात दोन दिवसांत निघाली. चार दिवसांनी तोच मजकूर सातपूरच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिसला. आधी स्क्रीनशॉट काढला, मग तिचीही तक्रार केली, आणि दादाला गाडी काढायला सांगितली.