सांगली बँकेपासून डावीकडे

नाशिकमध्ये पत्ता सांगायचा तर आधी समोरच्याच्या वयाचा अंदाज घ्यावा लागतो. पन्नाशीच्या पुढचा असेल तर काम सोपं. "सांगली बँकेच्या सिग्नलला या आणि मला फोन करा," एवढ्यावर भागतं. सांगली बँक 2007 मध्येच आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, पण सिग्नल अजून तिच्याच नावावर आहे. मायको सर्कलची तीच गत. कंपनीने 2008 मध्ये बॉश हे नाव घेतलं, गेटवरच्या पाट्या बदलल्या, तिथे लागलेली माणसं पेन्शनीत गेली. तरी रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' म्हणून बघा. तुम्ही बाहेरगावचे आहात हे ओळखून तो मीटरचं नावही काढणार नाही. (तसं ते तो नाशिककरांपुढेही काढत नाही.)

जकात बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्र्यंबक नाका आणि मुंबई नाका जागच्या जागी आहेत. गाव कधीकाळी तिथे संपायचं, आता तिथून पुढे अर्धं गाव सुरू होतं. दहीपुलावर उभं राहून 'पूल कुठाय?' विचारणारे पाहुणे तर मी स्वतः बघितलेत. पूल पायाखालीच असतो. खालून सरस्वती नाला वाहतो, वर बाजार भरतो. पाऊस जोराचा झाला की नाला दुकानांत शिरून आपण अजून आहोत हे कळवतो.

पंचविशीतल्या मुलांना यातलं काही लागत नाही. "काकू, लोकेशन टाका ना," असं म्हणून ती मोकळी होतात आणि मी टाकते. ठिपका त्यांना बरोबर दाराशी आणून सोडतो. वाटेत काय लागलं, हे त्यांना विचारू नये.

मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं की आता आपली ओळख बदलेल. कसली बदलते! सोसायटीत मी 'बँकेतल्या काकू'च आहे. लिफ्टमध्ये लोक मला मुदत ठेवीचे दर विचारतात आणि मीही अंदाजाने सांगते. माझी बँक अजून शाबूत आहे, विलीन झाले ती मी. मुलगा बंगळुरात, नवऱ्याची निवृत्ती माझ्या आधीची. त्यामुळे हल्ली दुपारचा वेळ हाताशी असतो आणि तो मी माहेरी, जुन्या नाशकातल्या तिवंध्यावरच्या वाड्यात घालवते. वाडा पाडायचा ठरल्यापासून जरा जास्तच.

वाड्याकडे वळण्याआधी माझं एक लाडकं मत सांगून टाकते. गावातली खूण जुनी आहे म्हणून टिकत नाही, सुंदर आहे म्हणून तर नाहीच नाही. तिच्याकडे काहीतरी काम असलं तरच ती टिकते.

दुतोंड्या मारुतीचंच बघा. गोदापात्रात तो उभा आहे, दोन्ही बाजूंना तोंड करून. त्याला फार देखणा म्हणता येणार नाही. शेंदूर आणि रंगाचे थर बसून बसून अंग गुळगुळीत झालंय. पण पावसाळ्यात आख्ख्या नाशिकचं लक्ष त्याच्या अंगाकडे असतं. गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक सोडलं ते मोबाइलवर पाच मिनिटांत येतं, पण क्युसेकने कोणाच्या पोटात गोळा आलाय? "मारुतीच्या कमरेला लागलं" म्हटलं की भांडीबाजारातला माणूस गल्ला बंद करून माल वर चढवायला लागतो. छातीला लागलं की सराफ बाजार जागा होतो. त्याहून मोठ्या पुराची मापं वेगळी. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं का, हे एक. आणि त्याच्याही पुढे, नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं का. 1969 च्या पुराबद्दल बोलताना जुनी माणसं घंटेचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये मारुती दिसेनासा झाला, त्या रविवारी घरोघर एकच प्रश्न होता. उद्या कोणी त्याला 'हलवून सुशोभित करू' म्हणालंच, तर पहिले व्यापारी रस्त्यावर उतरतील, भाविक नंतर.

ज्या खुणांकडे काम उरलं नाही, त्यांच्या वाट्याला माहितीफलक येतो. फलक लागला की समजावं, आता लोक तिथे फक्त फोटो काढायला येणार.

दुसरं माझं लाडकं उदाहरण वर्षातले 364 दिवस दिसतच नाही. रहाड. पेशवाईच्या काळापासूनचे दगडी बांधणीचे हे हौद जुन्या नाशकात चौकाचौकांत रस्त्याखाली आहेत. बाहेरच्याला सांगून पटत नाही. ज्या डांबरावरून तुमची स्कूटर गेली, त्याच्याखाली लाकडी ओंडके आहेत आणि ओंडक्यांखाली हौद. रंगपंचमी जवळ आली की रस्ता खणतात, माती काढतात, ओंडके एकेक करून वर घेतात. वर्षभर कोंडलेल्या ओल्या लाकडाचा वास गल्लीभर पसरतो. मग हौद धुऊन घ्यायचा, पाणी भरायचं, फुलांपासून रंग उकळायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आमच्या तिवंध्याचा पिवळा. मानकऱ्यांच्या हातची पूजा झाली की दणादण उड्या सुरू. उडी घेतली की पाणी काठावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर येतं आणि धप्प आवाज होतो. त्या उडीला धप्पाच म्हणतात. संध्याकाळनंतर सगळं पुन्हा ओंडक्यांखाली, मातीखाली. पुढच्या आठवड्यात त्यावर भाजीची गाडी उभी असते.

काही रहाडी अशाच कायमच्या बुजल्या, अधूनमधून एखादी पुन्हा उघडते. पण ज्या चालू आहेत त्या कुठल्याही संवर्धन योजनेमुळे चालू नाहीत. पोरांना उडी मारायची असते म्हणून चालू आहेत.

आता वाडा. माझ्याच नियमाने बघितलं तर त्याचं काम संपलंय. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागाचे खांब, मधला चौक, जिन्याखाली धान्याची अंधारी खोली. दर पावसाळ्याच्या तोंडावर 'धोकादायक'ची नोटीस येते, ती चिकटवणारा माणूस चहा घेऊनच जातो. मागच्या वर्षी पडवीची भिंत रात्रीतून बसली. जीव कोणाचा गेला नाही, पण त्या दिवसापासून जुन्या नाशकात वाडा पडल्याची बातमी वाचताना मी गल्लीचं नाव आधी शोधते. तीन पिढ्यांचे हिस्सेदार पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरलेले, पगडीचे भाडेकरू जागचे हलत नाहीत, आणि भाड्याच्या रकमेत आज कटिंग चहाही येत नाही. खांबांवरच्या केळफुलांचं कौतुक करायला अनेक जण येतात. एक मुंबईचा व्यापारी आला, तो नखाने लाकूड खरवडून बघत होता. खांबाचा भाव त्याने घनफुटावर सांगितला. नक्षीचे वेगळे पैसे मिळतील का, असं दादाने विचारलं तर म्हणाला, "नक्षीमुळे तर रंधा मारायला त्रास होतो."

वाडा राहावा असं मला वाटतं का? फेब्रुवारीत उन्हाला ओसरीवर बसल्यावर वाटतं. जुलैमध्ये वहिनी छतातून गळणाऱ्या पाण्याखाली पातेली मांडते, तेव्हा नाही वाटत. राहायला मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जाते. तिथून येऊन वहिनीला वारशाचं महत्त्व सांगणं मला शोभणार नाही.

शिवाय सध्या सगळं गावच उचकटलेलं आहे. 2027 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, आणि सिंहस्थ म्हणजे बारा वर्षांनी घर रिकामं करून चुना काढावा तसा प्रकार. काय ठेवायचं आणि काय काढायचं यावर भांडणं होणारच. तपोवनातल्या झाडांवर साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, कुऱ्हाड येणार म्हटल्यावर 2025 च्या अखेरीस गाव कसं पेटलं ते सगळ्यांनी बघितलं. गोदापात्रात ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून लोक कोर्टात गेले, तेही झालं. या सगळ्यात आमच्या वाड्याला कोण विचारतो?

तरी परवा बैठक झाली. बिल्डर, त्याचा तरुण आर्किटेक्ट, दादा, अण्णाकाका, दोन भाडेकरू आणि मी. नकाशा चौकातल्या पाटावर पसरला होता. वर सदनिका, खाली पार्किंग, गाड्यांसाठी समोरच्या बाजूने खाली उतरणारा रस्ता. अण्णाकाकांनी चष्मा पुसला, खिशातलं बॉलपेन काढलं आणि वाड्यासमोरच्या रस्त्यावर एक चौकोन काढला.

"आजोबा, हे काय? पाण्याची टाकी?"

"रहाड आहे ती. तुमचा उतार जवळून जातोय. खणताना भिंत बसली तर?"

आर्किटेक्ट कॉलेज रोडचा निघाला. "हो की, मी मारलीय ना उडी तिथे," म्हणाला. "खोल किती असेल?"

"आठ फूट," दादा म्हणाला.

"बारा," अण्णाकाका.

"छे, दहाच्या वर नाही," एक भाडेकरू. तो तिथेच लहानाचा मोठा झालाय. दुसऱ्याने त्यालाही खोडून काढलं. सगळे जण कधी ना कधी तळाला पाय टेकवून आले होते, पण खाली जाताना टेप धरतो कोण? शेवटी आर्किटेक्टने चौकोनाशेजारी पेन्सिलीने लिहिलं: 'खोली रंगपंचमीला मोजणे.'

"म्हणजे फाइल तोवर थांबवायची?" बिल्डरने विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही. भाडेकरूंचे चेहरे मात्र असे उजळले की दादाला त्यांच्यासाठीही चहा सांगावा लागला.