संध्याकाळी ढोलीत कोण जातं?

दांडेलीला लोक जातात ते काळी नदीतल्या राफ्टिंगसाठी. आम्ही गेलो सुतार पक्ष्यांसाठी, तेही मार्चमध्ये. पानगळीमुळे झाडं उघडी असतात आणि सोनपाठी सुताराची वीण सुरू झालेली असते. वाटेतल्या घाटात पोट ढवळलं, बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी गाइडने ढोली दाखवली. वठलेल्या खोडात नीट गोल भोक, खाली ताज्या कपच्यांचा सडा. आत अंडी असावीत, असं तो म्हणाला. पण मोठ्या लेन्सवाल्यांचा घोळका आधीच तिथे ठाण मांडून बसलेला. त्यातल्या एकाने मोबाइलवर सुताराची हाक लावली. हद्दीत कोणी परका शिरलाय असं वाटून आतला पक्षी बाहेर आला आणि या झाडावरून त्या झाडावर ओरडत फिरू लागला. तिकडे अंडी उघडी आणि इकडे यांचं "मिळाला, मिळाला!" मी बोलले तर उत्तर आलं, "दोनच मिनिटं, मॅडम." ती दोन मिनिटं बराच वेळ चालली. मला अजून राग येतो. फोटो झाल्यावर मंडळी नाश्त्याला पांगली.

संध्याकाळी आम्ही परत गेलो, लांबच बसलो. ढोलीत मादी होती. तिचं कपाळ काळं असतं, त्यावर पांढरे ठिपके. नराचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत लालभडक. नर येऊन खोडाच्या खालच्या अंगाला चिकटला, ताठ शेपटीचा टेकू देत उड्या मारत वर सरकला. मादीने डोकं बाहेर काढलं आणि एका झेपेत निघून गेली. तो आत शिरला तो शिरलाच. दिवसा दोघं आळीपाळीने अंडी उबवतात, पण रात्रपाळी सुतारांमध्ये बहुधा नराकडेच असते. मादी झोपायला दुसऱ्या ढोलीत, एकटी. संसार एकत्र, निजायच्या खोल्या वेगळ्या! मला तरी ही व्यवस्था फारच शहाणपणाची वाटली.

परतताना फांदीवर मुंग्यांचं काळपट, फुगीर घरटं दिसलं. तांबूस सुतार क्रिमॅटोगास्टर मुंग्यांचं असं नांदतं घरटं पोखरून त्यातच अंडी घालतो. एरवी याच मुंग्या तो खातो. त्या त्याला आत कशा राहू देतात, हे विचारत मी गाइडला पार पिडलं.

संध्याकाळी इथे कोणीच कसं थांबत नाही, हेही विचारलं. तो हसला. म्हणाला, "उजेड नसतो ना, फोटो येत नाही."