नंबर घालून हलवलेली घरं

सासूसासरे उन्हाळ्यात ओस्लोला आले की त्यांना कुठे न्यायचं हा दरवेळचा प्रश्न. फ्योर्डची बोट झाली, ऑपेरा हाऊसच्या छतावर चढून फोटो झाले, व्हिगेलँड पार्कातले ते बिनकपड्यांचे पुतळे बघून आईंनी मान फिरवून झाली, मग यावेळी म्हटलं चला नॉर्स्क फोल्केम्युझियम, ३० नंबरची बस थेट बिग्डोयला सोडते, चालायचं कमी. म्युझियम म्हटल्यावर बाबांचा चेहराच पडला. काचेच्या पेट्या आणि त्यात भांड्यांचे तुकडे, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार.

पण हे म्युझियम म्हणजे उघड्यावरचं गावच आहे. हान्स ओल नावाच्या माणसाने १८९४ मध्ये सुरू केलं आणि आज तिथे साधारण १६० इमारती आहेत, सगळ्या नॉर्वेभरातून खोलून इथे आणून परत उभ्या केलेल्या. सेटेस्डाल, टेलेमार्क, हालिंगडाल अशा एकेका खोऱ्याचं वेगळं अंगण, त्यात त्या भागातली घरं, गोठे, कोठारं. आधी मला वाटायचं की असं खुलं म्युझियम पहिल्यांदा स्टॉकहोमच्या स्कान्सेनने केलं, ते १८९१ चं. पण इथे शेजारीच राजा दुसरा ऑस्कर याने १८८१ पासून जुनी घरं आणून लावायला सुरुवात केली होती, तो संग्रह नंतर या म्युझियमलाच मिळाला. म्हणजे नॉर्वेवाले आधी. स्वीडिश कलीगला हे सांगायला मजा आली.

बाबा रंगले ते घरांच्या कोपऱ्यांपाशी. ही घरं म्हणजे पाइनचे आख्खे ओंडके आडवे एकावर एक रचलेले, कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांना खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, मधल्या फटीत शेवाळ दाबलेलं, म्हणजे वारा आत येत नाही. भिंत उभी राहते ती खाचेच्या आणि वजनाच्या जोरावर, खिळ्यांवर नाही, आणि म्हणूनच ही घरं हलवता येतात. एकेका ओंडक्याला नंबर घालायचा, वरून खाली सगळं उतरवायचं, गाडीत भरायचं आणि दुसरीकडे त्याच क्रमाने चढवायचं. बाबांनी कोपऱ्यात हात घालून खाच किती खोल आहे ते चाचपलं, मग मागे जाऊन दुसरा कोपरा बघितला, मग परत पहिल्यापाशी. गाइडला वाटलं काही हरवलंय.

छतं पण भारी आहेत. वर चक्क गवत उगवलेलं, पण पाणी अडवायचं काम गवत करत नाही, खाली बर्चच्या सालीचे थर असतात ते करतात, आणि माती नि गवत वर असतं ते साली उडू नयेत म्हणून वजनाला. धान्याची कोठारं जमिनीपासून उचलून पायांवर उभी, उंदीर चढू नयेत म्हणून. आणि जुन्या घरांत चूल मधोमध, धुराडं नाही, छताला एक भोक, धूर जमेल तसा तिथून बाहेर. आईंचा पहिला प्रश्न, "अगं, डोळ्यांचं काय होत असेल बायकांच्या?" मी काय सांगणार. आत काळोख इतका की बाहेरून गेल्यावर मिनिटभर काहीच दिसत नाही, मग हळूहळू भिंतीलगतची बाकडी दिसायला लागतात.

एका घराच्या दाराच्या चौकटीवर रून लिपीत, म्हणजे इकडच्या जुन्या लिपीत, कोरलंय की टोरगाउतने मला बनवलं. घर तेराव्या शतकातलं, राउलांडचं. मला ते चर्चपेक्षा जास्त आवडलं, खरं सांगते. चर्च म्हणजे गोल गावचं स्टाव्ह चर्च, उभ्या लाकडी खांबांच्या सांगाड्यावरचं, साधारण १२०० सालचं, सगळे टूरिस्ट तिथेच गर्दी करतात. गावाला मोठं चर्च हवं होतं म्हणून हे पाडायला निघाले होते, ते विकत घेऊन वाचवलं आणि १८८४-८५ ला राजाच्या खर्चाने इथे उभं केलं. पण आतला सांगाडा जुना असला तरी बाहेरचं बरंचसं बोर्गुंडच्या तशाच जुन्या चर्चकडे बघून नव्याने केलेलं आहे. दिसायला झकास, डांबराचा वास मस्त, पण मला त्या टोरगाउतचं दार पुरे.

बाकड्यावर बसून डबा खाताना बाबांनी राजापूरकडचं त्यांचं घर काढलं. तेही लाकडाचंच, फणसाचे खांब, सागाचं आढं, ओटी, माजघर, वर माडी. वाटण्या झाल्या, कोणालाच ते एकट्याने सांभाळणं परवडेना, विकलं, आणि घेणाऱ्याने ते उतरवलं. खांब आणि दारं एका डीलरने उचलली. आता कुठल्यातरी रिसॉर्टच्या बारमध्ये असतील, बाबा म्हणाले, "उतरवलं तर आमचंही होतं गं, पण नंबर कोणी घातले नाहीत." आई म्हणाल्या, घातले असते तर लावलं कुठे असतंत. यावर बाबांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. आपल्याकडे हे कोणी केलंच नाही असं नाही, चेन्नईजवळ मुट्टुकाडूला दक्षिणचित्र आहे, १९९६ पासून, केरळातली लाकडी घरं तिकडे अशीच खोलून आणून लावलीत. कोकणातलं एखादं चौपाखी घर असं कुठे उभं असेल तर कमेंटमध्ये सांगा प्लीज.

पण दिवसभरात आई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या लाकडी घरात नाहीच. वेसेल्स गाते १५ म्हणून ओस्लो शहरातली १८६५ ची एक विटांची चाळवजा बिल्डिंग आहे, १९९९ ला पाडली आणि इथे परत बांधली, आणि आतल्या एकेका फ्लॅटमध्ये वेगळा काळ लावलाय. एकात १८७९ चं श्रीमंत घर, एकात साठच्या दशकातलं सागवानी फर्निचर नि टीव्ही, आणि एकात २००२ चं पाकिस्तानी कुटुंबाचं घर. साठ-सत्तरच्या दशकात कामाला म्हणून आलेली माणसं, १९७५ ला सरकारने नवीन कामगार घेणं बंद केलं, तोवर आलेले इथलेच झाले. आई दारातच थबकल्या. "अगं ही तर आपल्या मीरारोडच्या वन्संची बैठकीची खोली!" सोफे भिंतीला लावून, पडदे जड, किचनमध्ये पोळ्यांचा तवा. गंमत म्हणजे मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण २००२ म्हणजे काही इतिहास नाही, आमच्या घरी तसला सोफा परवापरवापर्यंत होता. पण नाराज मात्र नाही. शेतकऱ्यांचे गोठे जपणाऱ्यांना तो तवा जपायचं सुचलं हे मला जास्त मोठं वाटतं.

बाहेर आल्यावर एका घरात पारंपरिक कपड्यांतली मुलगी चुलीवर लेफ्से भाजत होती, पातळ चपातीसारखं काहीतरी, वर लोणी आणि साखर. आईंनी लाटणं हातात घेऊन बघितलं, त्याला खाचा असतात. ते त्यांना अजिबात पटलं नाही.

जाणार असाल तर उन्हाळ्यातच जा, थंडीत बरीचशी घरं आतून बंद असतात. आणि अख्खा दिवस ठेवा, दोन तासांत काही होत नाही.

बाबांना आता लिलेहामरच्या माइहाउगेनला जायचंय, तेही असंच खुलं म्युझियम. तिथली घरं जमवणारा आंदेर्स सांडविग हा दातांचा डॉक्टर होता, १८८७ पासून लागला होता या नादाला. बाबा म्हणाले, बरोबर आहे, उपटून दुसरीकडे बसवायची सवय असणार त्याला.