पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, पण गाळाचं काय?

शहरातला एखादा तलाव स्वच्छ झाला असं कोणी सांगितलं की मी आधी हेच विचारते, गाळ तपासला का? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, पीएच ठीक, ऑक्सिजन ठीक, शिसं कॅडमियम मर्यादेत. आणि तो रिपोर्ट खोटा असतो असं मी अजिबात म्हणत नाही. पण शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम हे धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहतच नाहीत, ते बारीक कणांना चिकटतात आणि त्या कणांबरोबर तळाशी जाऊन बसतात. म्हणून पाण्यातला धातू लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गाळातला किलोमागे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे मोजायचं एककच हजारपट मोठं. वरचं पाणी पावसाळ्यात बदलून जातं, गाळ तिथेच राहतो. आणि धातू कुजत नाही, त्याचं विघटन होत नाही, हे तर आपण विसरूनच जातो.

आता हे येतं कुठून, तर सगळ्यांच्या डोळ्यासमोर कारखान्याचा पाइप येतो. तो असतोच, क्रोमियम निकेल म्हटलं की प्लेटिंगवाल्यांचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्यांचं सांडपाणी आठवायलाच हवं. पण शहरी तलावाला रस्ता तितकाच भारी पडतो. टायरच्या रबरात साधारण १ ते २ टक्के झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं संयुग असतं, टायर झिजतो आणि ती पूड रस्त्यावर पडते. ब्रेक पॅडमधून तांबं. पत्र्याच्या छपरांवरून जस्त, जुन्या रंगाच्या पोपड्यांमधून शिसं. पहिला जोरदार पाऊस आला की हे सगळं गटारातून थेट तलावात. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदाच केला की ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचं, २०२५ पर्यंत अर्ध्या टक्क्याखाली. मला हे फार पटतं, कारण एकदा गाळात गेलेलं तांबं बाहेर काढण्यापेक्षा ते पॅडमध्ये न घालणं कितीतरी सोपं. आणि शेवाळ मारायला तलावात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट टाकतात तेव्हा मला खरंच राग येतो, पाणी काही दिवस निवळ दिसतं आणि तांबं गाळात कायमचं जमा होतं.

गाळ सगळं लिहून ठेवतो पण. तळात नळी उभी घालून गाळाचा गाभा काढला की थरावर थर दिसतात, आणि त्यांचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढता येतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) साधारण २२ वर्षं, म्हणजे मागची शंभर-सव्वाशे वर्षं वाचता येतात. जोडीला सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ, अणुचाचण्यांमुळे त्याचं सर्वाधिक प्रमाण १९६३ च्या आसपासच्या थरात सापडतं. स्वीडनच्या तलावांच्या गाळात तर ग्रीक-रोमन काळातल्या शिशाच्या प्रदूषणाची खूण सापडली, रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ते १९९४ मध्ये छापलं. पेट्रोलमधलं शिसं बंद झालं तशी वरच्या थरांतली शिशाची पातळी अनेक तलावांत खाली आली, हेही गाळातच दिसतं, आणि मला त्यातून खूप धीर येतो. मात्र जुना थर खाली आहेच.

किती म्हणजे जास्त? शिशासाठी २००० साली मॅकडोनाल्ड वगैरे संशोधकांनी दिलेले दोन आकडे खूप वापरले जातात, किलोमागे ३५.८ मिलिग्रॅमच्या खाली तळातल्या जिवांना सहसा त्रास होत नाही, १२८ च्या वर तो व्हायची शक्यताच जास्त. मधला पट्टा धूसर. पण नुसता आकडा बघू नका, नमुना कुठून घेतला ते बघा. धातू ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर जास्त बसतात, त्यामुळे काठावरची वाळू तपासली तर रिपोर्ट छान येणार आणि मधला काळा चिखल तपासला की चित्रच वेगळं. बारीक मातीत मुळातच असणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढून हा फरक बराच सावरता येतो, पण बऱ्याच रिपोर्टांत ते केलेलंच नसतं.

आता मला खरं बोलायचंय ते गाळ उपसण्याबद्दल. तळाशी ऑक्सिजन नसतो तेव्हा तिथल्या सल्फाइडबरोबर, म्हणजे गंधकाच्या संयुगांबरोबर, कॅडमियम, शिसं, जस्त घट्ट बांधलेले असतात. तो गाळ उपसून हवेत पसरला की सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं, आम्ल तयार होतं आणि धातू सुटे होतात. म्हणजे तळात गप्प बसलेला कॅडमियम नेमका शेतात किंवा बागेत जाऊन पिकाला मिळायला लागतो, कारण काळा गाळ सुपीक असतो म्हणून लोक तो आनंदाने नेतात! म्हणूनच एकूण धातू किती एवढं पुरत नाही, त्यातला किती सहज सुटतो तेही बघावं लागतं, टेसियर या संशोधकाची टप्प्याटप्प्याने धातू काढायची पद्धत १९७९ पासून त्यासाठीच वापरतात. पाऱ्याचं अजून वेगळं, ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप करतात आणि तो माशांत साठत जातो.

अमेरिकेत सिराक्यूज शहराजवळच्या ओनोनडागा तलावात पाऱ्यामुळे १९७० मध्ये मासेमारी बंद करावी लागली होती. तिथला गाळ २०१२ ते २०१४ मध्ये उपसला, सुमारे १७ लाख घनमीटर, तो पाइपलाइनने काही किलोमीटर लांब नेऊन कापडी नळ्यांमध्ये भरून अस्तर घातलेल्या जागेत ठेवला, आणि तळाच्या काही भागावर वाळू वगैरेंचा स्वच्छ थर घातला. ट्रॉलीत भरून कुठेतरी ओतला नाही.

इतका खर्च प्रत्येक तलावावर होणार नाही हे मलाही कळतं, आणि सगळीकडे त्याची गरजही नसते, काही गाळ खरोखर चांगला असतो. पण टेंडर काढायच्या आधी दोन-चार ठिकाणचे गाभे काढून थरांप्रमाणे तपासणं एवढं तर जमेल? गाळ कुठे जाणार ते आधी ठरलं पाहिजे आणि त्या जागेच्या हिशोबाने तपासणी झाली पाहिजे. आणि उपसून झाल्यावर उघडा पडलेला नवा तळ परत तपासायलाच हवा, कारण वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुन्या शिशाच्या काळातला असेल तर अर्धवट उपसा करून आपण जास्त खराब थर पाण्याला लावून ठेवलेला असतो.