डावीकडचा रकाना

मंगळवार, रात्र

हिंगण्याच्या कारखान्यातून यायला उशीर झाला, पण आजचं लिहून ठेवल्याशिवाय झोपायचं नाही.

सुपरवायझरांच्या बैठकीत आज दोन रकान्यांचा सराव घेतला. हार्वर्डमध्ये शिकवणारे क्रिस आर्गिरिस हा सराव करून घेत. कागद उभा दुमडायचा. अलीकडचं एखादं अवघड बोलणं उजवीकडे जसं झालं तसं लिहायचं, आणि त्याच वेळी जे मनात होतं पण तोंडातून निघालं नाही, ते डावीकडे. कागद कोणी मागणार नाही. ज्याला वाटेल त्याने वाचावा, असं मी आधीच सांगितलं होतं.

प्रेस शॉपच्या सुपरवायझरने आपणहून वाचला. उजवीकडे दोनच ओळी होत्या. "लॉट गुरुवारी निघेल ना?" "हो साहेब, पाहतो." डावीकडे मात्र कागद भरलेला: "डायला धार नाही राहिली. पार्टला बर येऊन राहिली. टूल रूमला धाडली तर गुरुवार गेला. आता सांगतलं तर साहेब म्हणतीन, आधी काहून नाही सांगतलं." डाय म्हणजे पत्रा कापायचा साचा; त्याची धार गेली की कापलेल्या कडेला धातूचा खरखरीत काठ उरतो, तोच बर.

साहेब, म्हणजे आमचे प्लँट हेड, समोरच बसले होते. खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग आधी का नाही सांगितलं?" हे वाक्य अगदी जिभेवर येण्यासारखं होतं आणि ते आलं असतं, तर बाकीच्यांनी आपापले कागद खिशात घातले असते. त्यांनी विचारलं, "बर किती येते आहे?" उत्तर ऐकून टूल रूमच्या काकांना म्हणाले, "रात्रीतून घासून मिळेल का?" मग ग्राहकाला फोन करून तारीख बदलून घेतो म्हणाले. लगेच वेल्डिंगच्या दादाने कागद उलगडला.

मला वाटतं, माणसं बोलायचं की नाही हे याच मिनिटाला ठरवतात. नोटीस बोर्डावर "मनमोकळं बोला" असं लिहिलेलं असतं, पण तिथे कोणी पाहत नाही. आधी ज्याने वाईट बातमी आणली त्याचं पुढे काय झालं, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात असतं.

आम्ही नागपूरकर आमच्या सरळ बोलण्याचा फार अभिमान बाळगतो. तोंडावर सांगतो, मागे काही ठेवत नाही, असं प्रत्येकजण म्हणतो. पण कारखान्यात पाहिलं तर हा सरळपणा पाण्यासारखा उताराकडेच वाहतो. सुपरवायझर हेल्परला तोंडावर बोलतो, प्लँट हेड सुपरवायझरला. खालून वर जाताना तोच माणूस "हो साहेब, पाहतो" म्हणतो, आणि खरं काय ते गेटबाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना निघतं. याला मी सरळपणा म्हणणार नाही. ज्याचं ऐकून घ्यावं लागतं त्याच्याशी कसं बोलतो, यावरून माणसाचं बोलणं खरं की नाही ते कळतं.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघाताबद्दल मी बैठकीत सांगितलं. २७ मार्च १९७७, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही होतं, की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का. कॅप्टन म्हणजे कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. त्याने ठासून "झालं आहे" म्हटलं आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. कॉकपिटमधल्या संवादाच्या प्रशिक्षणाला त्यानंतरच्या वर्षांत जोर आला. "तुम्ही बोलत का नाही?" असं कनिष्ठांना बजावणाऱ्यांनी ही गोष्ट नीट ऐकावी. तिथे प्रश्न विचारला गेला होता. कमी पडलं ते ऐकणं.

आणखी एक गोष्ट ऑफिसला आधीच सांगून ठेवायला हवी. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषध देण्यातल्या चुका पाहिल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांतच नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे चूक सांगायची भीती कमी, म्हणून ती कागदावर येत होती, असा अर्थ त्यांनी लावला. आमचं रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नाकारलेल्या मालाची नोंदवही, आता काही दिवस जाड होईल. झालंच पाहिजे. तो आकडा पाहून कोणी सुपरवायझरला धारेवर धरलं, तर आजची सगळी बैठक फुकट जाईल.

प्रश्न कसा विचारतो यानेही फरक पडतो. "काही अडचण?" म्हटलं की "नाही मॅडम" हे उत्तर ठरलेलं. "आज कुठे हात अडला?" म्हटलं की माणूस मशीनकडे वळून दाखवायलाच लागतो.

आणि तो एक कोरा कागद. पॅकिंगचा मुलगा, ठेकेदाराकडून आलेला, मीच त्याला मुद्दाम बसवून घेतलं होतं. त्याने दुमडून तसाच परत दिला. मनात काही नसेल असं मी मानत नाही. सुपरवायझर खरं बोलला तर फार तर बोलणी खाईल; या मुलाचा गेटपास दुसऱ्याच्या हातात आहे, उद्या ठेकेदाराने "येऊ नको" म्हटलं की संपलं. दोघांना एकाच टेबलाशी बसवून "मोकळं बोला" म्हणणं न्यायाचं नाही. संवादाच्या शिबिरांत हे कोणी बोलत नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे. खरं बोलण्यासाठी त्याला मोजावी लागणारी किंमत आधी कमी करायला हवी, मगच त्याच्याकडून खरं मागायचा आम्हाला हक्क.

उद्या प्लँट हेडांकडे हेच मांडणार आहे: तक्रार केली म्हणून ठेक्यावरच्या कोणालाही परस्पर बंद करता येणार नाही, आधी आम्हाला कारण लेखी द्यावं लागेल, हे ठेकेदाराच्या करारात घाला. ते लगेच हो म्हणतील असं वाटत नाही. शनिवारी ठेकेदार बिलासाठी येतो, त्याच्या आत निर्णय मागायचा.