वायफायवर उघडतं, मोबाईलवर नाही

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या एका गटाचा लहानसा सर्वर मी जळगावातून सांभाळतो. कापणी कुणाच्या मळ्यात, गाडी कधी लागणार, सकाळचे भाव काय, हे सगळं पासवर्ड टाकून उघडणाऱ्या एका पानावर असतं. पान अडलं की मजुरांची टोळी बांधावर बसून राहते. म्हणून तिथला फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

परवा सावद्याहून फोन आला, "भो, पान उघडत नाही." पाठोपाठ फैजपूरहूनही तेच. घरच्या वायफायवर मात्र उघडत होतं.

सर्वरवर पान पुरवणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामच्या अॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, या मंडळींची नोंदच नव्हती. ना ४०१ (पासवर्ड चुकला), ना ५०० (सर्वरचाच बिघाड). म्हणजे विनंती तिथवर पोचायच्या आतच फायरवॉल तिला परत लावत होती. मग फेलटूबॅनचा लॉग उघडला. वारंवार पासवर्ड चुकवणाऱ्याचा पत्ता फायरवॉलकडून काही वेळ बंद करवणारा हा प्रोग्राम. त्यात एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावर, 'बॅन'ची ओळ होती.

गटाने पासवर्ड बदलला होता आणि कुणाच्या तरी फोनमधला जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा जात होता. फेलटूबॅनच्या मूळ सेटिंगप्रमाणे १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो पत्ता १० मिनिटं बंद. पण मोबाईल कंपन्या आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी ग्राहकांना वाटून देतात. एकाची चूक, शिक्षा अख्ख्या पट्ट्याला! शेतकऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त न उघडणारं पान दिसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

फेलटूबॅन-क्लायंटने 'अनबॅनआयपी' ही आज्ञा देऊन तो पत्ता आधी मोकळा केला. मग जेल डॉट लोकल या आपल्या बदलांसाठीच्या सेटिंग फाईलमध्ये या पानापुरती चुकांची मर्यादा वाढवली, बंदीचा वेळ कमी केला. जेल डॉट कॉन्फ या मूळ फाईलला हात लावू नये, अपडेटमध्ये ती फाईल बदलली जाऊ शकते. मोबाईलचे पत्ते 'इग्नोरआयपी'त, म्हणजे कधीच बंद न करायच्या यादीत, घालायचा सल्ला एकाने दिला, तो मला पटत नाही. ते पत्ते बदलत राहतात, आणि त्यांच्याआडून येणाऱ्या हल्लेखोरालाही मोकळं रान मिळतं.

एसएसएचचा, म्हणजे मी दुरून सर्वरमध्ये शिरतो त्या वाटेचा, जेल (फेलटूबॅनचा नियमसंच) होता तसाच कडक ठेवला. तिथे पासवर्ड चालतच नाही, फक्त किल्ली (संगणकात ठेवलेली गुप्त फाईल) चालते, आणि ती गटातल्या कुणालाच लागत नाही.