ट्रान्सप्लांटचा विचार कधी करायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याहून, नाशिकहून, कधी न्यू जर्सीहून फोन येतो आणि प्रश्न साधारण एकच असतो: "डॉक्टरांनी फुप्फुस प्रत्यारोपणाचा विषय काढलाय. म्हणजे सगळं संपलं का? आणि संपलं नसेल, तर एवढ्यात कशाला?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. माझ्या नवऱ्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, म्हणजे जन्मजात जनुकीय आजार, ज्यात घट्ट कफ साठून फुप्फुसं हळूहळू निकामी होतात, आणि टोरांटोत त्याची दोन्ही फुप्फुसं बदलली, म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नासोबत आम्ही वर्षं काढली आहेत, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं असं मला वाटतं.

विषय निघणं, प्रत्यारोपण केंद्राकडे तपासणीला पाठवणं, प्रतीक्षा यादीत नाव घालणं आणि प्रत्यक्ष ऑपरेशन हे चार वेगळे टप्पे आहेत. घरच्यांच्या मनात ते एकमेकांत मिसळतात आणि डॉक्टरांचा पहिला शब्द ऐकताच ऑपरेशन थिएटर दिसायला लागतं. मी सांगते, पहिले दोन टप्पे जितके लवकर होतील तितके बरे. तपासणीला गेलात म्हणून कुणी ऑपरेशन करून टाकत नाही. "अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या" हे तिथे ऐकायला मिळणारं सर्वांत चांगलं वाक्य आहे. विचार करायला वेळ घ्यायचा तो तिसऱ्या टप्प्याला.

आता आकडे. स्पायरोमेट्री या फुंकून करायच्या तपासणीत एफईव्ही-वन नावाचा आकडा असतो: जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते त्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत टक्क्यांत. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २०१९ साली जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांच्यानुसार हा आकडा ५० टक्क्यांखाली गेला की प्रत्यारोपणाबद्दल बोलणं सुरू व्हायला हवं. नुसतं बोलणं. मोठ्या माणसात तो ३० च्या खाली गेला तर केंद्राकडे पाठवायलाच हवं. ४० च्या खाली असेल आणि सोबत रक्तातला ऑक्सिजन कमी पडत असेल, कार्बन डायऑक्साइड साठत असेल, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला असेल किंवा सहा मिनिटांत ४०० मीटरही चालवत नसेल, तर ३० ची वाट बघायची नाही. ५० च्या खालचा आकडा वर्षभरात झपाट्याने घसरला तरीही नाही. वजन टिकत नाही, शिरेतून अँटिबायोटिक देण्याची पाळी पुन्हा पुन्हा येते, खोकल्यातून खूप रक्त जातं, या गोष्टीही त्याच हिशेबात धरतात. लहान मुलांसाठी हे उंबरठे अजून वर आहेत. आणि मुलीची उंची कमी असेल, तर मापात बसणारं फुप्फुस मिळायला वेळ लागतो, म्हणून तिच्या बाबतीत अजून आधी हालचाल करावी. आपल्याकडच्या मुलींच्या आयांना मी हे मुद्दाम सांगते.

हा ३० चा आकडा आला कुठून? १९९२ मध्ये टोरांटोच्याच डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. एफईव्ही-वन ३० च्या खाली गेलेल्यांपैकी निम्मे दोन वर्षांत दगावतात असं त्यात निघालं, आणि तो आकडा जगभर रूढ झाला. पुढे उपचार सुधारले. नंतरच्या अमेरिकन नोंदींत अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण प्रत्यारोपणाशिवाय सहा वर्षांपलीकडे जगलेले दिसतात. हे कळलं की घरचे म्हणतात, मग थांबूया ना. मला इथेच बोलावंसं वाटतं. निम्मे सहा वर्षं जगले याचा अर्थ उरलेले निम्मे जगले नाहीत, आणि त्यांतले काही एका जंतुसंसर्गात काही महिन्यांत गेले. आपलं माणूस कोणत्या निम्म्यात आहे हे कोणताही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. प्रत्यारोपणाची वेळ म्हणजे "अजून गरज नाही" आणि "आता शरीराला झेपणार नाही" यांच्यामधला काळ. तो किती लांबेल, हे तो सरल्यावरच कळतं.

माझ्या नवऱ्याचा आकडा बराच काळ तिशीत रेंगाळला. कागदावर फारसं काही बदलत नव्हतं. पण तो जेवताना बोलेनासा झाला. घास गिळायचा की वाक्य पुरं करायचं, एका श्वासात एकच जमायचं. मग आंघोळीला स्टूल आलं. मुलीला गोष्ट वाचून दाखवताना पानाच्या मध्येच थांबायला लागला आणि ती धीराने वाट बघायला शिकली. क्लिनिकमध्ये हे सगळं सांगा, न विचारता सांगा. सीएफची माणसं दम पुरवून वापरण्यात इतकी तरबेज होतात की घरच्यांनाही ते लक्षात येत नाही.

"ती नवी गोळी आहे ना?" हाही प्रश्न येतो. ट्रायकाफ्टा २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि तिथे सीएफसाठी होणारी प्रत्यारोपणं झपाट्याने कमी झाली. ज्यांना ती लागू पडते आणि मिळते, त्यांनी आधी तीच घ्यावी. पण ती मुख्यतः एफ५०८डेल हा जनुकीय दोष असलेल्यांसाठी बनली, आणि तो युरोपीय वंशाच्या लोकांत जितका आढळतो तितका आपल्यात आढळत नाही. नवऱ्याचे दोन्ही जनुकीय दोष असे, की गोळी जे प्रथिन दुरुस्त करते ते मुळात तयारच होत नाही. गोळीने दुरुस्त करायचं काय? शिवाय लहानपणी त्याच्यावर कधी दम्याचे, कधी टीबीचे उपचार झाले. सीएफ ओळखणारी घामातल्या क्लोराइडची साधी तपासणी झाली तोवर फुप्फुसाचं बरंच नुकसान होऊन गेलं होतं. भारतातल्या कितीतरी मुलांची हीच कथा आहे, आणि मला अजून त्याचा राग येतो.

प्रत्यारोपणाने सीएफ जात नाही. नव्या फुप्फुसात तो येत नाही, पण सायनसमध्ये, स्वादुपिंडात, आतड्यात राहतो. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवताना चालूच. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यायची, त्यांचा मूत्रपिंडांवर होणारा परिणाम सोसायचा, आणि शरीर हळूहळू नवं फुप्फुस नाकारेल ही धास्ती कायम. सीएफच्या प्रौढ रुग्णांपैकी साधारण निम्मे प्रत्यारोपणानंतर दहाएक वर्षं जगतात. ही दहा वर्षं हवीत का, अशी हवीत का, हे रुग्णानेच ठरवायचं. सगळं समजून घेऊन एखाद्याने नको म्हटलं, तर त्याला भित्रा म्हणू नका. सासूबाईंना हे ऐकवत नव्हतं, तरी त्यांनी लेकाला स्वतः ठरवू दिलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

एका केंद्राने नकार दिला तर दुसऱ्याला विचारा. बर्कहोल्डेरिया सेनोसेपेशिया हा जंतू असलेल्यांना बरीच केंद्रं घेत नाहीत, टोरांटोसारखी मोजकी घेतात. भारतात फुप्फुस प्रत्यारोपणं जास्त करून चेन्नई-हैदराबादला होतात. तिथे जायचं म्हणजे खर्च आणि दवाखान्याजवळ दीर्घ मुक्काम, कारण दात्याचं काढलेलं फुप्फुस फार तास टिकत नाही, बोलावणं आलं की लगेच पोचावं लागतं. सोबत कोण राहणार, नोकरी कोण सोडणार, ही बोलणी घरात आधीच व्हायला हवीत. मधल्या काळात वजन वाढवा, साखर ताब्यात ठेवा, रोज चालवा. प्रत्यारोपणानंतर जिवंत विषाणूच्या लसी देता येत नाहीत, त्यांचंही आत्ताच विचारून घ्या.

पुढच्या तपासणीला जाताना गेल्या दोन-तीन वर्षांचे स्पायरोमेट्रीचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरांना विचारा: आकडा कोणत्या वेगाने उतरतोय? उद्या मोठा संसर्ग झाला तर आमच्याकडे किती वेळ असेल? तुम्ही कोणत्या केंद्राशी बोलता, आणि आमच्याबद्दल त्यांना आजच कळवाल का? मुलगा किंवा मुलगी मोठी असेल तर हे प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि लिहून घ्या.